फाटका कोपरा

बाबा आमच्या गावचे डाकपाल.
पोष्ट म्हणजे ओसरीवरचं टेबल, तराजू,
आणि उन्हाळ्यात सुकून जाणारी ठशाची शाई.
कार्डाचा कोपरा फाटलेला असला
की बाबा सायकल काढत नसत, पायी जात.
कार्ड वाचायची गरज कोणालाच नसे.
लांबून बाबा चालत येताना दिसले
की आयाबाया चूल विझवायच्या.

एकदा मूलहून आलेल्या कार्डाचा कोपरा
थैलीतच उंदरानं खाल्ला होता.
सोनुल्यांच्या अंगणात रडारड सुरू झाली.
अर्ध्या तासानं शाळेतल्या पोरानं वाचलं:
मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.
तरी रडणं लगेच थांबलं नाही.
म्हातारी तर संध्याकाळपर्यंत रडत होती,
तिला आता कारणही नको होतं.

माझ्या प्रबंधाचं पहिलं पान हे होतं.
मार्गदर्शकांनी लाल रेघ मारली:
किस्सा आहे, पुरावा नाही.

मग एकतीस वर्षं पुरावा गोळा केला.
अंगठा जुळला नाही म्हणून यादीतून गेलेली नावं,
गुण कमी पडले म्हणून न मिळालेली नोकरी,
ते गुण कोणी दिले हे सांगू न शकणारे साहेब.
नागपूर, पुणे, आणि दोन वर्षं अशा शहरात
जिथं भिंती गरम असायच्या आणि माणसं दारं लावून बसायची.
'शक्यता' या शब्दावर मी चारशे पानं लिहिली.
परिषदेतल्या बिल्ल्यावर माझं नाव
दरवेळी नव्या पद्धतीनं चुकलं.

आता शेवटचा प्रकल्प, घरापासून तीन कोसांवर.
जंगलाच्या कडेला खांब, खांबावर कॅमेरा,
वाघ ओळखला की गावात भोंगा वाजतो.
ग्रामपंचायतीत पंख्याखाली बसून मी नोंदी बघते.
चैत्र. पहाटे चार बावन्न. वाघ. एकसष्ट टक्के.
फोटो मोठा केला.
वाकलेली पाठ, पिवळं लुगडं, त्यावर फांद्यांचे पट्टे,
मागं टोपलीची लांब सावली.

दुर्पता नन्नावरे, मोह वेचताना.

भोंगा वाजला तशा सगळ्या पळाल्या.
दुर्पताबाई टोपली टाकून सगळ्यांच्या पुढं.

फोन तिच्या हातात दिला.
मोहानं चिकट झालेल्या दोन बोटांनी तिनं चित्र ताणलं.
"थे मी होय?"
हो.
"मंग मलेच पाहून मी पळाली का वं?"
पदर तोंडाशी धरून ती इतकी हसली
की शिपाई आत डोकावून गेला.
मग पदर खाली आला.
"अन् सोमवारी थो खराच आला होता,
तवा नाही वाजला बाप्पा."

मग कसं कळलं?

"वानेरं वरडले. वास आला.
मंग आमी ग्रुपवर टाकलं."

तिनं ऐकवलं. सहा सेकंदांचा आवाज.
पहिल्या सेकंदात एकच शब्द: आला.
पुढचे पाच नुसता श्वास,
आणि पालापाचोळ्यावर बायांची पावलं,
लांब जाणारी.
मी तो संदेश माझ्या फोनवर मागून घेतला.
कोणत्या रकान्यात लिहू, ते अजून ठरलेलं नाही.

पुढच्या महिन्यात निवृत्ती.
विद्यापीठाला समारोपाच्या भाषणाचं शीर्षक हवंय,
रोज एक स्मरणपत्र येतं, शुभेच्छांसह, आपोआप.

आज पहाटे मी त्यांच्याबरोबर गेले.
अंधारात मोह पडत होता, टप, टप,
बाया वाकून पुढं सरकत होत्या.
खांब जवळ आला तशी दुर्पताबाई थांबली.
कमरेवर हात ठेवून सरळ झाली,
टोपली डोक्यावर घेतली,
कॅमेऱ्याकडे तोंड करून दहा पावलं
ताठ, माणसासारखी चालली.

खांब मागं पडल्यावर
पुन्हा वाकली.